कॉलेजचा फिल्म क्लब म्हणजे फिल्म सोसायटी नव्हे

'आमच्या कॉलेजातही फिल्म सोसायटी आहे,' असं पुण्यात हमखास ऐकायला मिळतं. बहुतेकदा तो असतो फिल्म क्लब. अंधार, पडदा आणि नंतर चहावर वाद दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे गल्लत होते. फरक कळतो तो दारात, आत कोणाला सोडतात ते पाहिलं की.

क्लब विद्यार्थी चालवतात. आमचा क्लब फिजिक्सच्या वर्गात भरायचा. खिडक्यांना काळं कापड, स्पीकर गॅदरिंगचे, आणि केबलला कुणाचा पाय लागला की ऐन रंगात पडदा निळा. कॉपीराइट कायद्याच्या (1957) कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवला आणि बघणारे तिथलेच विद्यार्थी, कर्मचारी, पालक किंवा संस्थेच्या कामाशी संबंधित असतील, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. म्हणजे शेजारच्या कॉलेजातला मित्र त्यात बसत नाही. आम्ही अशांना वीस-वीस रुपये घेऊन आत सोडलं. तिसऱ्याच खेळाला सरांनी पावतीपुस्तक काढून घेतलं. तेव्हा राग आला होता, पण चूक आमचीच होती.

फिल्म सोसायटीचं तंत्र निराळं. ती रीतसर नोंदलेली संस्था. सभासद गावातलं कोणीही: निवृत्त बँकवाले, वकील, विद्यार्थीसुद्धा. तिकीटखिडकी नाही, वर्षाची वर्गणी भरायची आणि कार्ड दाखवून आत जायचं. अशा सोसायट्यांची देशपातळीवरची फेडरेशन 1959 साली झाली, पहिले अध्यक्ष सत्यजित राय. फेडरेशनशी जोडलेल्या सोसायट्यांना परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय सभासदांना दाखवायची मुभा मिळत आली. वकिलातींकडून आलेले, थिएटरात कधीच न लागणारे चित्रपट लोकांनी पाहिले ते या वाटेनं. नुसतं 'सोसायटी' नाव लावल्यानं कॉलेजच्या क्लबला ती मुभा मिळत नाही.

पुण्यात आणखी एक घोळ होतो. 1960 साली सुरू झालेली, चित्रपटाचं शिक्षण देणारी एफटीआयआय आणि जुने चित्रपट जपणारं 1964 चं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, दोन्ही लॉ कॉलेज रस्त्यावर. एफटीआयआयच्या थिएटरात विद्यार्थी चित्रपट बघतात तो अभ्यासक्रमाचा भाग. तो क्लबही नाही, सोसायटीही नाही.

क्लबला बाहेरच्यांना बोलवायचंच असेल, तर चित्रपटाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी आधी घ्यायची. घरच्या ओटीटीचे पैसे भरलेत, हे कारण चालत नाही. ते सहसा घरी बघण्यापुरतेच असतात.