फ्रँकलिनची रणभूमी: नांगराखाली गेलेली, घरांखाली गेलेली, परत विकत घेतलेली

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या दक्षिणेला सुमारे १८ मैलांवर फ्रँकलिन हे गाव आहे. २००५ पर्यंत तिथल्या कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला पिझ्झा हटचे दुकान होते. अमेरिकी यादवी युद्धात, म्हणजे फुटून निघालेली दक्षिणेची गुलामगिरीची राज्ये विरुद्ध उत्तरेचे संघराज्य या लढ्यात, दक्षिणेच्या सैन्याचा मेजर जनरल पॅट्रिक क्लेबर्न ३० नोव्हेंबर १८६४ च्या संध्याकाळी त्याच परिसरात गोळी लागून पडला. यादवी युद्धातल्या सर्वात रक्तरंजित लढायांत गणल्या जाणाऱ्या या लढाईच्या मध्यभागी शंभराहून जास्त वर्षे घरे, दुकाने आणि पार्किंगच्या जागा होत्या. गेटिसबर्ग, शायलो, व्हिक्सबर्ग, चिकामॉगा या रणभूमी १८९० च्या दशकातच केंद्र सरकारने उद्याने म्हणून ताब्यात घेतल्या. फ्रँकलिन त्या यादीत नव्हते. आज तिथे जे मोकळे दिसते, ते बहुतेक तुकड्यातुकड्याने विकत घेतलेले आहे.

लढाई इथेच का झाली, याचे उत्तर पुलांत आहे. २९ नोव्हेंबरच्या रात्री उत्तरेच्या जनरल जॉन स्कोफिल्डचे सैन्य स्प्रिंग हिल इथे जनरल जॉन बेल हूडच्या नाकाखालून निसटले आणि पहाटे फ्रँकलिनला पोहोचले. पुढे हार्पेथ नदी होती. मागवलेले तरंगते पूल आलेले नव्हते आणि सोबत सुमारे ८०० गाड्यांचा तांडा होता. मग रेल्वेच्या पुलावर फळ्या ठोकल्या. रस्त्याचा पूल मोडलेला होता, त्याचे खांब पाण्याच्या पातळीपर्यंत कापून त्यावर नव्या तुळया टाकल्या. या कामात दिवस गेला. तेवढा वेळ नदीच्या अलीकडे शत्रूला थोपवायचे म्हणून गावाच्या दक्षिण टोकाला मोर्चे खणले गेले. स्कोफिल्डला इथे लढायचे नव्हते, रात्री पलीकडे जायचे होते. हूडला मात्र नॅशव्हिल गाठण्याआधी त्याला मोडायचे होते.

मोर्चांची बांधणी नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. जनरल जेकब कॉक्सने कोलंबिया रस्त्याला लागून असलेले फाउंटन ब्रँच कार्टरचे १८३० सालचे विटांचे घर ठाण्यासाठी घेतले. त्याच्या पुढून, नदीच्या एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत रेषा आखली. बाहेरच्या बाजूला साधारण चार फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खंदक काढला. निघालेल्या मातीचा पाचेक फूट उंच बांध केला आणि जिथे मिळाले तिथे बांधावर ओंडके टाकले, म्हणजे डोके झाकून खालच्या फटीतून गोळी झाडता येते. पूर्वेला ओसेज ऑरेंजच्या काटेरी कुंपणाची झाडे कापून आडवी टाकली, पश्चिमेला लोकस्ट झाडांची राई तोडली. कार्टरचे कापसाचे जिन रस्त्याच्या पूर्वेला होते. रेषा त्याला वळसा घालून पुढे आली होती, त्यामुळे तिथे एक कोपरा तयार झाला. नदीपलीकडच्या उंचावरच्या फोर्ट ग्रेंजरमधल्या तोफा रेल्वेच्या खोदलेल्या वाटेवर आडवा मारा करू शकत होत्या.

(जिनचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट आपल्याकडची. १८६१ पासून उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत कधी न मिळालेला भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला आणि मुंबईतल्या अनेक बँका आणि कंपन्या बुडाल्या. कार्टरच्या जिनसारखी शेकडो जिन थंडावल्याचा हा दुसरा हिशेब.)

या भक्कम रेषेत दोन दोष होते. गाड्या आत येण्यासाठी कोलंबिया रस्त्यावर बांध उघडा ठेवला होता. मागे सत्तरेक यार्डांवर दुसरी आडवी रेषा होती, पण रस्ता खुलाच होता. दुसरा दोष माणसाने केलेला. जनरल वॅगनरच्या दोन ब्रिगेड मुख्य रेषेच्या अर्धा मैल पुढे उघड्यावर राहिल्या. चारच्या सुमारास हूडचे जवळपास वीस हजार सैनिक दोन मैलांच्या मोकळ्या रानातून चालून आले. त्यांच्या तोफा बहुतेक मागे कोलंबियाजवळ राहिल्या होत्या, त्यामुळे आधी मारा झालाच नाही म्हणावा इतका. वॅगनरची माणसे पळाली आणि दक्षिणेचे सैनिक त्यांच्या पाठीला चिकटून धावले. बांधामागच्यांना गोळी चालवता येईना, कारण समोर आपलीच माणसे होती. त्या मिनिटांत मधली रेषा फुटली. ती सावरली कर्नल एमर्सन ऑपडाइकच्या ब्रिगेडने. पुढे उघड्यावर थांबायला त्याने नकार दिला होता, म्हणून त्याची माणसे कार्टरच्या घरामागे विसावा घेत होती. पुढची लढाई अंधारात, बांधाच्या दोन बाजूंना, काही ठिकाणी हाताच्या अंतरावर झाली. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळला होता; गोळीबार नऊपर्यंत चालला. मध्यरात्रीच्या आसपास स्कोफिल्डचे सैन्य ठरल्याप्रमाणे पूल ओलांडून गेले.

दक्षिणेची हानी ६,२५२ मोजली जाते. त्यांत सुमारे १,७५० मृत. उत्तरेची २,३२६, त्यांत मृत १८९. दक्षिणेचे सहा जनरल मेले किंवा जखमांनी पुढे दगावले: क्लेबर्न, जॉन अ‍ॅडम्स, हायरम ग्रॅनबरी, स्टेट्स राइट्स गिस्ट, ओथो स्ट्राल आणि १० डिसेंबरला वारलेला जॉन सी. कार्टर. शिवाय सात जखमी झाले आणि एक पकडला गेला. पंधरा दिवसांनी नॅशव्हिलला (१५ आणि १६ डिसेंबर) या सैन्याचा उरलासुरला कणाही मोडला.

आता स्मरणाचा भाग. कुणाला आठवायचे, हे इथे आधी पुरण्यावरून ठरले. दुसऱ्या दिवशी मैदान दक्षिणेच्या ताब्यात होते, म्हणून त्यांनी आपले मृत राज्यवार लांब उथळ चरांत पुरले आणि डोक्याशी लाकडी फळ्यांवर नावे लिहिली. उत्तरेचे मृत खंदकातच टाकून वरून बांधाची माती ढकलली गेली. ते पुढे मर्फ्रीझबरोजवळच्या स्टोन्स रिव्हर राष्ट्रीय दफनभूमीत हलवले गेले, आणि अनेकांची नावे तोवर हरवली होती.

दक्षिणेच्या चरांचेही फार काळ नीट राहिले नाही. पुरलेली जमीन कार्टर आणि शेजारच्या मॅकनटच्या शेतांत होती. फळ्यांवरची अक्षरे पावसाने पुसली, काही फळ्या हिवाळ्यात चुलीत गेल्या, आणि शेत पुन्हा नांगरायचे होते. १८६६ मध्ये जॉन मॅकगॅव्हकने आपल्या कार्नटन या घराशेजारची दोन एकर जागा दिली. वर्गणी जमवून जॉर्ज कपेट याच्या माणसांना दर मृतदेहामागे ५ डॉलर देऊन सगळे उकरून तिथे नेले. कामाच्या दरम्यान त्याचा भाऊ मार्सेलस वारला. तोही तिथेच आहे. एकूण १,४८१ पुरले गेले. मिसिसिपीचे सर्वाधिक ४२४, त्यानंतर टेनेसीचे २३०. राज्यही न कळलेले २२५ जण वेगळ्या विभागात आहेत. ज्या वहीत कपेटने नावे आणि जागा नोंदवल्या, ती पुढे जॉनची पत्नी कॅरी मॅकगॅव्हक हिने जपली. आज आपण इथे कुणाचे नाव वाचू शकतो ते त्या वहीमुळे. लाकडी फळ्यांच्या जागी दगडी खुणा १८९० च्या दशकात बसल्या.

कार्नटनमध्ये रात्रभर शस्त्रक्रिया चालल्या. वरच्या खोल्यांच्या फळ्यांत मुरलेले रक्ताचे डाग अजून दिसतात. मागच्या व्हरांड्यात चार जनरलांचे मृतदेह ठेवले होते: क्लेबर्न, ग्रॅनबरी, अ‍ॅडम्स, स्ट्राल. पर्यटकांना कधी पाच, कधी सहा सांगितले जातात, ते चूक. कार्टरच्या घराच्या तळघरात घरचे आणि लोट्झ नावाचे जर्मन सुताराचे शेजारी कुटुंब दडून बसले होते. कार्टरचा मुलगा टॉड दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन होता. तो घरापासून हाकेच्या अंतरावर जखमी होऊन पडला, घरी आणला गेला आणि २ डिसेंबरला तिथेच वारला. घराच्या आणि शेतीच्या कचेरीच्या भिंतींवर गोळ्यांची हजाराहून जास्त भोके आहेत. या घराण्याकडे १८६० मध्ये २८ गुलाम होते, ही गोष्ट त्या भिंती दाखवताना फार काळ सांगितलीच जात नसे.

१८९९ च्या ३० नोव्हेंबरला गावच्या चौकात दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा उभा राहिला. चढवताना त्याच्या टोपीच्या कडेचा टवका उडाला, म्हणून गावात तो 'चिप' (टवका) या नावाने ओळखला जातो. त्याला उभे करणाऱ्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशज स्त्रियांच्या संघटनेनेच पुढची अनेक दशके लढाई कशी आठवायची ते ठरवले. २०१७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिलला दक्षिणेच्या सेनापतीच्या पुतळ्यावरून हिंसाचार झाला. त्यानंतर फ्रँकलिनच्या काही पाद्र्यांनी आणि तिथल्या एका इतिहासकाराने पुतळा हलवण्याऐवजी भोवती उरलेला इतिहास लिहायचे ठरवले. २०१९ मध्ये चौकात फलक लागले: याच न्यायालयासमोर होणारी गुलामांची विक्री, कृष्णवर्णीय सैनिकांची भरती, जुलै १८६७ ची दंगल. २०२१ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकाचा ब्राँझचा पुतळा जुन्या न्यायालयासमोर बसला. फ्रँकलिनच्या लढाईत कृष्णवर्णीय पलटणी नव्हत्या, मग पुतळा कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर असे की इथून भरती झालेली माणसे इतरत्र लढली. नॅशव्हिलला १६ डिसेंबरला एकट्या तेराव्या कृष्णवर्णीय रेजिमेंटने एका टेकडीवरच्या हल्ल्यात दोनशेहून अधिक माणसे गमावली.

जमिनीचे काय झाले ते सरळ आहे. गाव दक्षिणेला वाढले आणि वाढायला रस्ता तोच होता. जिन गेले, खंदक बुजले, प्लॉट पडले. कार्टरचे घर राज्याने १९५१ मध्ये घेतले आणि १९५३ मध्ये खुले केले, पण घर वाचले म्हणजे मैदान वाचले असे नव्हे. मोडकळीला आलेले कार्नटन १९७७ मध्ये एका संस्थेकडे आले. मोठा व्यवहार २००५ मध्ये झाला: कार्नटनला लागून असलेले सुमारे ११० एकरांचे गोल्फचे मैदान ५० लाख डॉलरना घेतले. निम्मे पैसे नगराने दिले, निम्मे 'फ्रँकलिन्स चार्ज' या आघाडीने उभे केले. आता ते 'ईस्टर्न फ्लँक' उद्यान आहे. मध्यावरची कामे त्याहून अवघड होती. तिथे एकरांनी नव्हे, फुटांनी खरेदी होते आणि दर दुकानाचा द्यावा लागतो.

अशा खरेदीची रीत ठरलेली आहे. मालक स्वखुशीने विकायला तयार व्हावा लागतो. केंद्राच्या रणभूमी अनुदानातून जास्तीत जास्त निम्मी रक्कम मिळते, बाकी स्थानिकांनी जमवायची. शिवाय जमिनीवर पुढे कुणीही बांधकाम करू नये असा कायमचा हक्क नोंदवावा लागतो. सातबाऱ्यावर बोजा चढवावा तसा, फक्त हा कधी उतरत नाही. मग इमारत पाडायची, पाया काढायचा. चूक होते ती इथे. पाडणाऱ्याने जेसीबीने पाया ओढून काढला की खालचा थर उलटतो. बुजवलेला खंदक पूर्ण नाहीसा होत नाही. भरावाची माती भोवतीच्या मातीपेक्षा गडद आणि भुसभुशीत असते. पण ती वाचायची तर उत्खनन आधी हवे, उकरणे नंतर. तळघर असलेल्या घराखाली मात्र काही उरत नाही. गोळ्या आणि बकले यांचे बहुतेक पीक धातुशोधक घेऊन फिरणाऱ्यांनी कधीच नेले आहे, आणि जे सापडते त्यात घरांच्या खिळ्यांचा भरणा असतो.

दर ३० नोव्हेंबरला कागदी पिशव्यांत सुमारे १०,००० दिवे लावतात. एक दिवा एका मृत, जखमी किंवा बंदी सैनिकाचा असे सांगतात. वरच्या आकड्यांची बेरीज साडेआठ हजारांच्या आसपास येते, तेव्हा ही संख्या गोळाबेरीज धरावी.

पाहायला जाणाऱ्याने क्रम उलटा लावू नये. बहुतेक जण थेट कार्नटनच्या व्हरांड्याकडे जातात आणि लढाई तिथेच झाली असे समजून परततात. आधी दक्षिणेच्या विन्स्टेड हिलवर जावे, जिथून हूडने पाहिले. तिथून उत्तरेकडे नजर टाकली की चालून यायचे अंतर डोळ्यांना कळते, मध्ये कितीही छपरे असली तरी. मग कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूने कार्टरच्या घराकडे यावे आणि रस्ता ओलांडून जिनच्या मोकळ्या केलेल्या जागेत उभे राहावे. दोन्हींमधला तो डांबरी रस्ताच बांधातली फट आहे, आणि त्यावरची रहदारी कुठल्याही अनुदानाने हलणारी नाही, तेव्हा ओलांडताना सिग्नलवरूनच ओलांडावे. नदीपलीकडचा फोर्ट ग्रेंजर शेवटी ठेवावा. मातीचे मूळ काम आजही चढून पाहता येते असे ठिकाण या गावात तेवढेच ठळक आहे. कार्नटन या दोन्हींच्या मध्ये, गर्दी व्हायच्या आत.