रेणू तोच, वाट निराळी

"पट्टीतसुद्धा निकोटिनच असतं ना? मग सिगारेट सुटावी म्हणून दंडावर निकोटिनच चिकटवायचं, हे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखं नाही का?"

व्यसनमुक्तीवरच्या एका चर्चेत मागच्या रांगेतून हा प्रश्न आला आणि टाळ्या पडल्या. व्यासपीठावरचे डॉक्टर म्हणाले, पट्टीची मात्रा हळूहळू कमी करत नेतात. उत्तर खरं होतं, पण प्रश्न तिथेच राहिला. 21 मिलिग्रॅमची पट्टी दिवसभरात जेवढं निकोटिन अंगात सोडते, साधारण तेवढंच 20 सिगारेटींच्या पाकिटातून शरीरात जातं. मात्रा जवळपास सारखी, रेणू तर अगदी तोच. तरीही पट्टीची चटक लागली, जेवण झाल्याबरोबर पट्टीसाठी जीव कासावीस झाला, असा माणूस औषधालाही सापडत नाही. तेव्हा फरक मात्रेत नाही. तो वेळात आहे. दारू, तंबाखू, अमली पदार्थ यांच्या धोरणांवर इतका गदारोळ चालतो, पण त्यात ही वेळेची गोष्ट फारशी कुणी काढत नाही. म्हणून हा लेख.

शाळेतलं रसायनशास्त्र थोडं आठवावं लागेल. निकोटिन हे आम्लारिधर्मी आहे, म्हणजे आम्ल दिसलं की त्याच्याकडचा प्रोटॉन पकडून बसणारं. प्रोटॉन पकडला की रेणूवर धन प्रभार येतो. आपल्या पेशींची पटलं स्निग्ध पदार्थांची असतात आणि प्रभार असलेल्या रेणूला त्यातून शिरणं अवघड जातं. प्रभार नसलेलं, 'मोकळं' निकोटिन मात्र त्यातून सहज पार होतं. एकूण निकोटिनपैकी मोकळं किती, हे सभोवतालच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. सामू 8 च्या आसपास असला की निम्मे रेणू मोकळे आणि निम्मे प्रभारित असतात. सामू 7 वर आणला की शंभरात 9 मोकळे उरतात, 6 वर जेमतेम 1. उलट बाजूला 9 वर गेलात तर 91. सामूची मोजपट्टी लघुगणकी असल्यामुळे एकेका पायरीला प्रभारित आणि मोकळ्या रेणूंचं गुणोत्तर दहापट बदलतं. तंबाखूचा अख्खा इतिहास मला या चार आकड्यांत दिसतो. अतिशयोक्ती वाटेल, पण पुढे वाचा.

तंबाखूत चुना का मिसळतात? लाळेचा सामू 7 च्या जरा खाली असतो, त्यामुळे नुसती तंबाखू गालात धरली तर बहुतेक निकोटिन प्रभारितच राहतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून फारसं आत जात नाही. विझवलेल्या चुन्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर असतो. तो मिसळला की तंबाखूचा सामू चढतो आणि निकोटिन मोकळं होऊ लागतं. चुना लावून मळलेली तंबाखू नाकाजवळ नेली तर एकदम झणका येतो. त्यात थोडा अमोनिया असतो आणि थोडं हवेत उडून आलेलं मोकळं निकोटिनही. हीच युक्ती स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या स्नूस नावाच्या तंबाखूत सोडियम कार्बोनेट घालून साधतात. अँडीज पर्वतात कोकाची पानं चुन्याबरोबर किंवा राखेबरोबर चघळतात, तिथे रेणू कोकेनचा, पण रसायन हेच. यातल्या कुणालाही प्रोटॉन ठाऊक नव्हता. जिभेला आणि डोक्याला जे कळलं ते पुढच्या पिढीला सांगितलं गेलं.

आता उलटी गंमत बघा. सिगारचा धूर आम्लारिधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडातच शोषलं जातं, आणि तो धूर छातीत ओढला तर घसा सोलून निघाल्यासारखा होतो. म्हणून सिगार ओढणारे बहुधा धूर तोंडात खेळवून सोडून देतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तंबाखूची पानं धूर न लागू देता गरम हवेवर सुकवण्याची पद्धत रूढ झाली. 1839 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात स्टीफन स्लेड नावाच्या एका गुलाम तरुणाच्या हातून ती योगायोगाने सापडली, असं सांगतात. या पद्धतीत पानातली साखर टिकून राहते. साखर जळताना आम्लं तयार होतात, त्यामुळे धूर सौम्य आम्लधर्मी होतो आणि घशाला झोंबत नाही. म्हणजे माणूस तो धूर बिनत्रासाने फुप्फुसात ओढू शकला.

पण आम्लधर्मी धुरात निकोटिन प्रभारित असतं, मग ते रक्तात जाईल कसं? इथे फुप्फुस मदतीला येतं. गालाच्या आतला भाग तळहाताएवढा, तर फुप्फुसातल्या वायुकोशांचं एकूण क्षेत्रफळ साधारण 70 चौरस मीटर, आणि त्यांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. धुराचा कण तिथल्या ओलाव्यात विरघळला की त्याचा सामू 7.4 होतो. वरच्या हिशेबाने 20 टक्के निकोटिन लगेच मोकळं होतं. ते रक्तात निघून गेलं की उरलेल्यातलं आणखी 20 टक्के मोकळं होतं, मग त्यातलं आणखी, असं क्षणार्धात सगळं आत जातं. शिवाय फुप्फुसातून निघालेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून थेट मेंदूकडेही. शिरेत टोचलेल्या सुईलासुद्धा आधी हृदयाची उजवी बाजू, मग फुप्फुस, मग डावी बाजू असा वळसा पडतो. ओढलेल्या धुरातलं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. पट्टीला हेच काम करायला काही तास लागतात, तेही मुंगीच्या पावलांनी.

मेंदूत पोचल्यावर काय घडतं? तिथल्या काही चेतापेशींवर असे ग्राही, म्हणजे ठरावीक रसायन पकडणारे रेणू, असतात, की जे खरं म्हणजे असेटिलकोलिन या आपल्याच रसायनासाठी बनलेले आहेत. निकोटिन त्यांना चिकटतं, आयनांची दारं उघडतात आणि मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका पेशीसमूहातून डोपामिनचा झोत सुटतो. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सर्रास छापून येतं. तसं ते नाही. 'आत्ता तू जे केलंस ते महत्त्वाचं होतं, लक्षात ठेव' अशी ती खूण आहे. खुणेचा उपयोग ती कृतीला लागून आली तरच. कुत्र्याने हात पुढे केल्यावर दहा सेकंदांत बिस्किट दिलं तर तो शिकेल, चार तासांनी दिलं तर त्याला फक्त बिस्किट मिळेल. सिगारेट पेटवणं, झुरका, धुराचा वास, बोटांतली पकड, या सगळ्यांवर खूण तिथल्या तिथे उमटते. एका सिगारेटचे 10 झुरके धरले तर 20 सिगारेटींचे दिवसाला 200 आणि वर्षाला 73,000 धडे होतात. कुठल्याही शाळेत एवढी उजळणी घेत नाहीत. पट्टीत मात्र धडा नसतोच. रक्तातली पातळी संथ चढते, ग्राही हळूहळू बधिर होतात, तलफ थोडी निवते, आणि कोणत्या कृतीचं बक्षीस मिळालं हे मेंदूला कळायला मार्गच राहत नाही.

हे फक्त निकोटिनचं नाही. अमेरिकेत ब्रूकहेव्हनच्या प्रयोगशाळेत नोरा वोल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. मेथिलफेनिडेट हे लक्ष न लागणाऱ्या मुलांना देतात ते औषध आणि कोकेन, दोन्ही मेंदूत डोपामिन परत ओढून घेणाऱ्या वाहकांनाच अडवतात. औषधाची गोळी घेतल्यावर सुमारे तासाभराने निम्म्याहून जास्त वाहक अडतात, तरी झिंग म्हणावी असं काही होत नाही. तेच औषध शिरेतून दिलं, की काही मिनिटांत मेंदूत पोचतं आणि झिंग येते. मॉर्फिन आणि हेरॉइनचंही तसंच. मॉर्फिनला दोन असेटिल गट जोडले की ते अधिक स्निग्धविद्राव्य होतं आणि रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पहाऱ्यातून चटकन निसटतं. आत गेल्यावर त्याचं पुन्हा मॉर्फिनच होतं. हेरॉइन म्हणजे घाईत निघालेलं मॉर्फिन. बायर कंपनीने ते 1898 मध्ये खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं.

या जागी एक कंस. 'सात दिवसांत शरीरातलं निकोटिन धुऊन काढणारा' काढा, चहा, पायाला लावायची पट्टी असलं काहीबाही विकायला असतं. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांना निम्मं होतं, यकृत ते काम फुकट करतं, आणि दोन-तीन दिवसांत जवळपास काहीच उरत नाही. नेमके तेच दिवस तलफेचे सर्वांत वाईट असतात. राहतात ते मेंदूतले धडे, आणि ते कोणत्याही काढ्याने धुतले जात नाहीत. अंगारा-धुपारा, शपथ घालणं यांचंही तेच. 'डोपामिन उपवास', म्हणजे मेंदू ताळ्यावर यावा म्हणून काही काळ सगळी सुखं टाळायची टूम, हा त्याचाच इंग्रजी शिकलेला चुलतभाऊ.

आता धोरणाकडे. मेथाडोन हे अफूच्या कुळातलं कृत्रिम औषध हेरॉइनच्या व्यसनींना तोंडाने द्यायला न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी 1960 च्या दशकात सुरुवात केली, तेव्हापासून 'एका व्यसनाच्या जागी दुसरं' हा आक्षेप संपलेला नाही. मेथाडोन हेरॉइनच्याच ग्राहींना चिकटतं, त्यामुळे आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण ते सावकाश चढतं आणि साधारण दिवसभर टिकतं. शरीराला त्याची सवय होते हे खरं. तरी दर काही तासांनी झिंग, उतार, पुन्हा धावाधाव, हे चक्र त्यात तुटतं. सवय आणि व्यसन यांच्यात भेद करणारा शब्द आपल्या कायद्यांत सहसा नसतो.

याउलट वेगाचा मुद्दा हाती धरून कायदा किती भरकटू शकतो, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेच्या 1986 च्या कायद्याने ओढायच्या कोकेनच्या, म्हणजे क्रॅकच्या, 5 ग्रॅमला आणि कोकेनच्या पुडीतल्या 500 ग्रॅमला सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली. क्रॅक फुप्फुसातून जातं, ते वेगवान, इथवर विज्ञान बरोबर. पण पुडीतली पूड शिरेत टोचली तर तीही सेकंदांतच पोचते. कायद्याने मार्ग पाहिलाच नाही, फक्त पदार्थाचं रूप पाहिलं, आणि शिक्षा मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आल्या. 2010 मध्ये हे 100 ला 1 प्रमाण 18 ला 1 वर आणलं. 18 हा आकडा कोणत्या शरीरशास्त्रातून आला, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

दारूबद्दल थोडक्यात. इथेनॉलचा रेणू चिमुकला आणि प्रभाररहित, त्याला सामूची युक्ती लागू नाही. तिथे वेग ठरतो पेयाच्या तीव्रतेवर आणि जठर किती लवकर लहान आतड्यात रिकामं होतं त्यावर. म्हणून मद्यार्काच्या प्रमाणानुसार कर लावणं मला बाटलीमागे सरसकट कर लावण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. संपूर्ण बंदीचा तोटा इथेच दिसतो. चोरून न्यायचं असलं की कमी जागेत जास्त मावणारा माल परवडतो, त्यामुळे बिअर मागे पडते आणि कडक दारू पुढे येते. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत हेच झालं. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल ही उतरंडही त्याच दिशेने गेली आहे.

वेग म्हणजे सर्व काही नव्हे, हेही सांगायला हवं. चटक लागते निकोटिनमुळे, पण कर्करोग होतो तो मुख्यतः धुरातल्या आणि तंबाखूतल्या इतर रसायनांमुळे. गालातल्या तंबाखूचं निकोटिन सिगारेटपेक्षा सावकाश चढतं, तरी तोंडाचा कर्करोग ती देतेच. ई-सिगारेटवरचा वाद म्हणून इतका चिघळतो. धूर नाही, तेव्हा जळण्यातून येणारी बरीच विषं नाहीत. पण 2015 मध्ये आलेल्या जूल या अमेरिकी ई-सिगारेटने निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घालून सामू उतरवला. घशाला त्रास न होता भरपूर निकोटिन फुप्फुसात, म्हणजे गरम हवेवर सुकवलेल्या पानाचीच युक्ती पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा. युरोपीय संघात अशा द्रवात मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, अमेरिकेत तेव्हा 59 मिलिग्रॅमचा माल विकला जात होता. भारताने 2019 मध्ये ई-सिगारेटवर सरसकट बंदी घातली आणि सिगारेट दुकानात राहिली. वेगाच्या मोजपट्टीवर हा निर्णय मला तरी उलटा वाटतो.

मग सिगारेटीतलं निकोटिनच काढून टाकलं तर? ही कल्पना निल बेनोविट्झ आणि जॅक हेनिंगफील्ड यांनी 1994 मध्येच मांडली होती. लगेच शंका येते, की लोक जास्त ओढतील. 'लाइट' सिगारेटींच्या बाबतीत तसंच झालं. त्यांचं फिल्टर उजेडात नीट धरून पाहा, भोवती सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची एक रांग दिसेल. यंत्राने ओढताना त्यातून हवा शिरते, धूर पातळ होतो आणि मोजणीत आकडा कमी येतो. माणसाच्या बोटांनी आणि ओठांनी तीच छिद्रं झाकली जातात, झुरकाही खोल जातो, आणि मेंदू आपला हिशेब पुरा करून घेतो. पण तिथे तंबाखू नेहमीचीच होती. तंबाखूतच निकोटिन नसेल तर खोल ओढूनही मिळणार काय? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 840 जणांना सहा आठवडे वेगवेगळ्या निकोटिनच्या सिगारेटी दिल्या होत्या. ग्रॅममागे 15.8 मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या सिगारेटी घेणारे शेवटी दिवसाला 21-22 ओढत होते, 2.4 किंवा त्याहून कमीवाले 15-16. कमी निकोटिनवाले जास्त ओढू लागले नाहीत, उलट नेहमीच्या निकोटिनवाल्यांपेक्षा त्यांचा आकडा कमी. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ग्रॅममागे 0.7 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा प्रस्तावित केली. न्यूझीलंडने असाच कायदा 2022 मध्ये केला होता आणि अंमल सुरू होण्याआधी, 2024 मध्ये, नव्या सरकारने तो मागे घेतला. विरोधकांचा मुख्य मुद्दा चोरट्या बाजाराचा असतो, आणि दारूबंदीबद्दल वर जे लिहिलं ते पाहता तो मला हसण्यावारी नेता येत नाही. फक्त या वेळी एक फरक आहे. निकोटिन कायदेशीरपणे मिळतच राहील, पट्टीत, च्युइंगममध्ये, गोळीत. काढून घेतले जातील ते दहा सेकंद.