क्रॉनिक फटीगचा क्लेम व्हीएने नाकारला? अपील करण्याआधी एवढं बघा

अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या आपल्या कुणाला क्रॉनिक फटीग सिंड्रोम (विश्रांतीनेही न जाणारा दीर्घ थकव्याचा आजार) झालाय आणि माजी सैनिकांच्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याने, म्हणजे व्हीएने, भरपाईचा क्लेम फेटाळलाय, तर आधी नकारपत्रावरची तारीख बघा. अपिलाची एक वर्षाची मुदत त्या छापील तारखेपासून मोजतात, पाकीट हातात पडलं त्या दिवसापासून नाही. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तीन महिने तिथेच पडून राहिलं, ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की आता नवल वाटत नाही. वर्ष उलटल्यावरही नवा पुरावा देऊन प्रकरण उघडता येतं, पण मागची थकबाकी बुडते.

आता पात्रता. 2 ऑगस्ट 1990 नंतर इराक, कुवेत, सौदी अरेबिया या पट्ट्यात सेवा झाली असेल, तर हा आजार सेवेतूनच आला असं कायदाच धरून चालतो. 2022 च्या पॅक्ट कायद्याने त्यात अफगाणिस्तान, सीरिया, जॉर्डन, इजिप्त वगैरे देश आणले. अशा माणसाने धूर, रसायनं, लसी यांवर पानंच्या पानं लिहू नयेत. तिथे होतो आणि आजार आहे, एवढंच दाखवायचं. डीडी-214 वर, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवेच्या दाखल्यावर, तैनातीचा देश बऱ्याचदा सापडत नाही. मग तैनातीचे आदेश किंवा युद्धभत्ता दाखवणारी पगारपत्रकं शोधा. सेवा दुसरीकडे झाली असेल तर मात्र आजाराचा सेवेशी संबंध जोडणारं डॉक्टरचं पत्र लागतं. त्यात ‘कदाचित’ लिहिलं असेल तर पत्र वाया. संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे, असं डॉक्टरने कारणांसह लिहायला हवं.

खरी अडचण निदानात येते. आजचे डॉक्टर बहुधा 2015 साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सुचवलेल्या निकषांवर निदान करतात: थकवा, श्रमानंतर आजार उसळणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं वगैरे. व्हीएचा नियम मात्र जुन्याच यादीवर अडून आहे. नव्यानेच सुरू झालेला थकवा, त्यामुळे रोजची कामं किमान सहा महिने निम्म्याहून कमी झालेली, असा थकवा आणणारे दुसरे आजार तपासून बाजूला केलेले, आणि शिवाय दहापैकी सहा लक्षणं: अचानक सुरुवात, बारीक ताप, घसा धरणं, मानेतल्या किंवा काखेतल्या गाठी दुखणं, अंगदुखी किंवा स्नायूंतली अशक्तता, व्यायामानंतर चोवीस तास किंवा जास्त टिकणारा थकवा, पूर्वी नव्हती अशी डोकेदुखी, सांधे आलटून पालटून दुखणं, विसरभोळेपणासारखा मेंदूवरचा परिणाम, झोपेची तक्रार. डॉक्टरचं निदान वैद्यकीयदृष्ट्या चोख असूनही फाइल पडते, ती अशी. यादी छापून डॉक्टरसमोर ठेवा आणि एकेका लक्षणापुढे आहे किंवा नाही लिहून घ्या. संकोच करू नका. थायरॉइड आणि स्लीप स्टडीचे अहवाल तारखांसह जोडा, नाहीतर ‘हे तर नैराश्यामुळे’ असं एक वाक्य लिहून परीक्षक मोकळा होतो. सुट्टीत पुण्याला किंवा सांगलीला दाखवलं असेल तर तो केसपेपरही पुरावाच. त्यातली नोंद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लावा.

त्यानंतर रेटिंग, म्हणजे आजाराने किती टक्के अपंगत्व आलं ते व्हीएने ठरवणं. लक्षणं कमीजास्त होत असतील तर वर्षातले अंथरुणाला खिळलेले दिवस मोजतात: एक ते दोन आठवड्यांना 10 टक्के, दोन ते चार आठवड्यांना 20, चार ते सहा आठवड्यांना 40, सहा किंवा जास्त आठवड्यांना 60. पण दिवस कुठला धरायचा? ज्या दिवशी अंथरुणात विश्रांतीही लागली आणि डॉक्टरचे उपचारही, तोच. आपला माणूस मुकाट्याने चार दिवस पडून राहतो, डॉक्टरकडे जात नाही, कारण डॉक्टरकडे औषधच नसतं. तो जे करतो ते समजण्यासारखं आहे, पण व्हीएच्या हिशेबात ते चार दिवस शून्य! म्हणून दर वेळी डॉक्टरला किमान पोर्टलवरून तरी कळवा आणि विश्रांतीचा सल्ला लेखी मागा.

आणि हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही: लक्षणं जवळपास कायम असतील तर दिवस मोजायची गरजच नाही. कामं आजारापूर्वीच्या 50 ते 75 टक्क्यांवर आली असतील तर 40, निम्म्याहूनही खाली गेली तर 60, जवळजवळ बंदच झाली तर 100 टक्के. इथे बायकोचं किंवा रूममेटचं लेखी निवेदन फार उपयोगी पडतं. ‘तो फार थकतो’ असं मोघम नको. ‘पूर्वी आठवड्याची सगळी खरेदी तोच करायचा, आता दुकानातून अर्ध्यावर परततो आणि दुसरा दिवस झोपून काढतो’ असं लिहा.

व्हीएच्या तपासणीला न जाणं म्हणजे नकार मागून घेणं. आणि गेल्यावर ‘कसं काय?’ला ‘बरंय’ म्हणायची आपली सवय घरी ठेवा. दोन दिवस आराम करून, दाढी करून तुम्ही तिथे बसता. परीक्षकाला तोच माणूस दिसतो. परतल्यावर पुढचे तीन दिवस कसे जातात ते सांगा.

अपिलाच्या वाटा 2019 पासून तीन आहेत. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म 20-0995. आहे त्याच कागदांवर वरिष्ठाने पुन्हा बघावं असं वाटत असेल तर हायर-लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म 20-0996. तिसरी वाट व्हीएच्या अपील बोर्डाची, फॉर्म 10182. सर्वात जास्त घोटाळा दुसऱ्या वाटेवर होतो. लोक डॉक्टरचं नवं पत्र जोडून रिव्ह्यू मागतात आणि तिथे नवा कागद बघतच नाहीत. पत्र हातात असेल तर सप्लिमेंटलच भरा.

बोर्डानेही नाही म्हटलं तर व्हेटरन्स क्लेम्सच्या अपील कोर्टात जायला फक्त 120 दिवस मिळतात. आधीचं एक वर्ष डोक्यात बसलेलं असल्याने कितीतरी जण इथेच चुकतात. अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी ही कामं फुकट करून देतात. पहिला क्लेम भरून देण्याचे पैसे मागणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तसे पैसे घ्यायची कायद्याने परवानगीच नाही.