हेलियमचं गणित मोजपट्टी कसं झालं

दाब किंवा तापमान एकदम काटेकोर मोजायचं तर फिरून फिरून वायूकडेच यावं लागतं, आणि गोची तिथेच आहे, कारण शाळेत घोकलेलं पीव्ही बरोबर एनआरटी, म्हणजे दाब, आकारमान आणि तापमान जोडणारं सूत्र, खऱ्या वायूला तंतोतंत लागू पडत नाही, कण एकमेकांना ओढतात, ढकलतात. मग ती चूक किती हेही परत मोजूनच काढायचं, म्हणजे एक काटा तपासायला दुसरा काटा.

यातून सुटका केली हेलियमने. अणूत दोनच इलेक्ट्रॉन. १९२९ साली नॉर्वेच्या हिलेरास या शास्त्रज्ञाने त्याची ऊर्जा क्वांटम थिअरीतून इतकी छान काढली की प्रयोगाशी जवळजवळ जुळली. पण दोन अणूंमधली ओढ पुरेशी अचूक काढायला मात्र कॉम्प्युटर यावे लागले, तोवर मोजमापच वरचढ.

१९८८ मध्ये अमेरिकेत गेदर्सबर्गला मोल्डोव्हर नावाचे शास्त्रज्ञ आणि मंडळींनी स्टीलच्या पोकळ गोलात आर्गॉन भरून गोल कोणत्या सुरावर घुमतो त्यावरून आवाजाचा वेग मोजला, आणि त्यावरून वायूचा स्थिरांक, म्हणजे त्या सूत्रातला आर, काढला. गोल साधारण ३ लिटरचा, त्याचं आकारमान कळावं म्हणून त्यात पारा भरून त्याचं वजन केलं, म्हणजे ४० किलोच्या आसपास पारा! अनिश्चितता दहा लाखात १.७. आता यात एक बारीक गोष्ट असते, गोलाच्या भिंतीला चिकटलेल्या पातळ थरात उष्णता भिंतीत जाते आणि सूर किंचित सरकतो, तो दुरुस्त करायचा तर वायूची उष्णतावाहकता माहीत हवी.

म्हणूनच मला १९९५ साल फार मोलाचं वाटतं. अझीझ, जॅन्झन आणि हेच मोल्डोव्हर यांनी सरळ मांडलं की हेलियमची व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) आणि उष्णतावाहकता गणिताने काढा आणि त्यालाच स्टँडर्ड माना, उपकरणं त्यावर तपासा. तोवर थिअरी प्रयोगाच्या दारात उभी असायची, इथून उलटं झालं. पुढे रिलेटिव्हिटी आणि क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या (प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या क्वांटम थिअरीच्या) बारीक दुरुस्त्याही त्यात आल्या, आणि आर्गॉनसारख्या १८ इलेक्ट्रॉनवाल्या वायूचे आकडेसुद्धा हेलियमशी तुलना करून सुधारले.

२० मे २०१९ पासून बोल्ट्झमन स्थिरांक, म्हणजे तापमान आणि कणांची ऊर्जा जोडणारा आकडा, कायमचा ठरवला गेला, त्यामागच्या मोजमापांत हेलियमचे प्रयोग होतेच. मग २०२० मध्ये जर्मनीच्या पीटीबी या राष्ट्रीय मोजमाप संस्थेने दाबाचंही करून दाखवलं. कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीजभार साठवणाऱ्या भागात, हेलियम भरायचा, कपॅसिटन्स (साठवायची क्षमता) किती बदलला ते बघायचं, एका अणूवर विजेचा परिणाम किती ते गणितातून घ्यायचं, त्यावरून अणूंची दाटी कळते, आणि तापमान ठाऊक असलं की दाब हातात. ७० वातावरणांपर्यंत, दहा लाखात ५ च्या आत, आणि त्यात पाऱ्याचा थेंबही नाही.