पान पिवळं पडलं म्हणजे झाडाला पाणी हवंय?

"कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडली की पाणी वाढवा" हा सल्ला फिरत असतो, पण बऱ्याचदा कारण नेमकं उलटं असतं. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग पाणी असूनही झाड ते ओढू शकत नाही आणि पानं मलूल होऊन पिवळी पडतात.

चेक करायला बोट दोन इंच मातीत घाला, आत ओलं लागलं तर पाणी थांबवा आणि कुंडीचं भोक बुजलंय का तेही बघा. माती ठीक असेल तर पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा, खालची जुनी पानं आधी गेली तर बहुतेक नायट्रोजन कमी, आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते.