चर्चमधली पाळी: वाचक, वेदीसेवक आणि बाकीचे आले कुठून?

शनिवारी रात्री साडेनऊला धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या वस्तीच्या, ग्रुपवर मेसेज पडतो, उद्या सातच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बायबलमधलं दुसरं वाचन कोण करणार, ज्यांची पाळी होती त्यांच्याकडे पाहुणे आलेत. मग दहा मिनिटं सगळे गप्प. मेसेज वाचलेला सगळ्यांनी असतो, पण बोलत कुणी नाही, आणि शेवटी नेहमीचीच एक बाई "मी करते" लिहून मोकळी होते. वसईत असो की बांद्र्यात, कॅथलिक चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही हा सीन तोंडपाठ असेल. गंमत अशी की ही बाई उद्या ज्या माइकसमोर उभी राहणार तिथे तिच्या आजीला कधी उभं राहता आलं नसतं, आणि खरं तर आजोबांनाही नाही, कारण तेव्हा साध्या मिस्सात वाचन लॅटिनमध्ये असायचं आणि ते फादरच करायचे, तेसुद्धा लोकांकडे पाठ करून.

पण ते सुरुवातीपासून तसं नव्हतं. इ.स. 251 च्या सुमाराचं पोप कॉर्नेलियस यांचं एक पत्र आहे, त्यात रोमच्या चर्चमध्ये कोण कोण काम करतं याची मोजदादच दिलीय. धर्मगुरू 46, डीकन म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या दीक्षेचे सेवक 7, त्यांच्याखालचे सबडीकन 7, अकोलाइट म्हणजे वेदीपाशी मदत करणारे 42, आणि भूत उतरवणारे, वाचक, दारवान असे मिळून 52. म्हणजे फादर 46 आणि अकोलाइटपासून दारवानापर्यंतची मंडळी 94, दुप्पट! दारावर कोण उभं राहणार, पुस्तक कोण वाचणार, ही स्वतंत्र कामं होती आणि ती करायला स्वतंत्र माणसं होती.

पुढे काय झालं तर हळूहळू ही कामं म्हणजे फादर होण्याच्या जिन्याच्या पायऱ्या झाल्या. दारवान, वाचक, एक्सॉर्सिस्ट म्हणजे भूत उतरवणारा, आणि अकोलाइट, ह्या चार 'छोट्या दीक्षा' सेमिनरीतल्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेतल्या, पोराला एकामागून एक मिळायच्या, आणि ज्याला दारवानाची दीक्षा मिळाली त्याने आयुष्यात कधी चर्चचं दार उघडलं असेलच असं नाही. ट्रेंटच्या धर्मसभेला, म्हणजे तिथे भरलेल्या बिशपांच्या मोठ्या बैठकीला, हे खटकलं होतं बरं का. 1563 मध्ये त्यांनी ठराव केला की ह्या दीक्षा घेतलेल्यांनी ती कामं प्रत्यक्ष करावीत, आणि अविवाहित माणसं पुरली नाहीत तर चांगल्या चालीची लग्न झालेली माणसं घ्या. ठराव कागदावर राहिला.

मग प्रत्यक्ष काम कोण करायचं? पोरं. अकोलाइटच्या जागी गावातली आठ-दहा वर्षांची मुलं, लाल झगा आणि वर पांढरा कुर्ता घालून. जुन्या मिस्सात फादर पायरीशी उभे राहून लॅटिनमध्ये म्हणायचे की मी देवाच्या वेदीपाशी जाईन आणि गुडघ्यावर बसलेला पोरगा उत्तर द्यायचा, "आद देउम क्वी लेतीफिकात युवेंतुतेम मेआम", म्हणजे माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवापाशी. दहा वर्षांचं पोर स्वतःच्या तारुण्याबद्दल बोलतंय, आणि अर्थ ना त्याला ठाऊक ना मागे बसलेल्यांना. पण नीट पाहिलं तर तो पोरगा तिथे सगळ्या लोकांच्या वतीने उत्तर देत होता. अख्खं चर्च भरलेलं आणि बोलणारा एकच, तोही घोकून आलेला! लोक मागे रोझरी म्हणजे जपमाळ करत बसायचे, आणि घंटी वाजली की मान वर करायची. ती घंटी फार महत्त्वाची होती, कारण पुढे काय चाललंय हे कळायचा दुसरा मार्गच नव्हता. (माझ्या वेळेला मिस्सा मराठीत आला होता तरी मी एकदा ती घंटी पायरीवरून खाली सोडली होती, ती गडगडत पहिल्या बाकापर्यंत गेली. आजही गावात दोघे-तिघे भेटले की आधी तेच काढतात.)

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण इथे फादर सोडून बाकीच्यांवर बरंच काही चालायचं. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे काही फादर नव्हते. वसईत जन्मलेला हा माणूस जपानात जेझुइट संघाच्या फादरांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबला, भाषा शिकला, मग व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि दुभाषाचं काम करता करता 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. 1862 मध्ये संत म्हणून जाहीर झाला. वसईत त्यांचा सण दणक्यात होतो पण ते धर्मगुरू नव्हते हे कितीतरी जणांच्या लक्षातच नसतं.

गोव्यात तर पोर्तुगीजांच्या काळापासून कोंफ्रारिया होत्या, म्हणजे गावातल्या पुरुषांचे संघ, सण करणं, मिरवणूक काढणं, मयताला खांदा देणं, मेणबत्त्यांचा खर्च, सगळं ह्यांच्याकडे. ओपा-मुर्सा घालून, म्हणजे लांब झगा आणि खांद्यावर छोटा केप, हे लोक मिरवणुकीत पुढे चालायचे. आणि मेस्त होता, गावच्या पोरांना स्वर शिकवणारा, व्हायोलिन वाजवणारा, कॉयर म्हणजे गाणाऱ्यांचा गट उभा करणारा. हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण कोंफ्रारियांत जात मोजली जायची. अमुक संघात अमुक जातीचेच, मानाचा सण त्यांचा, बाकीच्यांनी मागे चालायचं. म्हणून आज कुणी म्हणालं की पूर्वी लोक किती उत्साहाने चर्चचं काम करायचे तर मी हो म्हणतो आणि मनात विचारतो, कुठले लोक?

बायकांचं तर विचारूच नका. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी संगीतावर हुकूम काढला त्यात स्पष्ट लिहिलं की कॉयरमध्ये गाणं हे उपासनेतलं पद आहे आणि बायकांना ते पद घेता येत नाही, वरचे सूर हवे असतील तर मुलगे घ्या. आज आपल्या कॉयरमधून बायका काढल्या तर काय उरेल, एक कीबोर्ड आणि दोन काका.

मोठा बदल आला तो दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत. 4 डिसेंबर 1963 ला उपासनेवरचा दस्तऐवज पास झाला, त्यात म्हटलं की वेदीसेवक, वाचक, निवेदक आणि कॉयरवाले हे खरीखुरी उपासनेची सेवा करतात. म्हणजे फादरच्या हाताखालचे मदतनीस नाहीत, त्यांचं काम हे त्यांचंच. बरोबर एका वर्षाने, 1964 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली आणि पोप सहावे पॉल स्वतः आले, भारतात येणारे पहिलेच पोप. त्या सुमारास लॅटिन मागे पडून लोकांच्या भाषा वेदीवर आल्या, आणि मिस्सा मराठीत आला तसा वाचकही लागला, कारण आता ऐकणाऱ्याला कळणार होतं.

पण परवानग्या कशा थेंबाथेंबाने आल्या ते बघा. मिस्साची नवी नियमावली आली त्यात बायकांना वाचन करायची मुभा होती, पण लायक पुरुष हजर नसेल तर, आणि उभं राहायचं वेदीच्या आवाराच्या बाहेर. म्हणजे कठड्याच्या अलीकडून वाच, पलीकडे पाय टाकू नकोस! 1972 मध्ये सहाव्या पॉल यांनी त्या जुन्या छोट्या दीक्षा मोडीत काढल्या, दारवान आणि एक्सॉर्सिस्ट गेले, वाचक आणि अकोलाइट ही दोन 'सेवापदं' म्हणून ठेवली आणि प्रापंचिकांना, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या साध्या लोकांना, खुली केली, फक्त पुरुषांना. 1973 मध्ये कम्युनियन, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, वाटायला साध्या माणसांना परवानगी आली, नाव ठेवलं असाधारण सेवक. ते 'असाधारण' म्हणजे कुणी ग्रेट असं नव्हे, फादर पुरत नसतील तेव्हाच, असा अर्थ. रोमने 1997 आणि 2004 मध्ये परत परत बजावलं की ह्याची सवय लावू नका. सवय तर लागलीच. माझी आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा शेजारच्या आळीतल्या एक निवृत्त शिक्षिका गळ्यातल्या छोट्या पिशवीतून पितळेची गोल डबी काढायच्या, टेबलावर पांढरा रुमाल पसरायच्या आणि मग आजीला कम्युनियन द्यायच्या. पहिल्या वेळी आजीने तोंड घट्ट मिटलं होतं. फादर नाही आले का, हेच विचारत राहिली. चौथ्या वेळेपासून ती त्यांची वाट बघायला लागली.

वेदीसेवक मुलींचं घोडं आणखी अडलं. 1983 चा धर्मकायदा 'प्रापंचिक व्यक्ती' एवढंच म्हणत होता, पण मुलींना वेदीपाशी सेवा करता येते असा त्याचा अर्थ लावला गेला 1992 मध्ये आणि बिशपांना तो कळवला गेला 1994 मध्ये, तोही बिशपाच्या मर्जीवर ठेवून. तोवर जगात कितीतरी ठिकाणी मुली घंटी वाजवतच होत्या. पाय धुण्याच्या विधीचं तेच, पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, फादरांकडून पाय धुऊन घ्यायला बारा पुरुष बसायचे, बायकांना नियमाने बसता येऊ लागलं 2016 पासून.

आणि दारवान? तो मोडीत निघालेला दारवान 16 नोव्हेंबर 2020 ला महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली तेव्हा परत आला, हातात टेंपरेचर गन आणि सॅनिटायझरची बाटली घेऊन.

शेवटची मोठी परवानगी 10 जानेवारी 2021 ची. पोप फ्रान्सिस यांनी धर्मकायद्यातला एक शब्द बदलला, 'पुरुष' काढला, आणि वाचक व अकोलाइट ही सेवापदं बायकांनाही मिळू लागली. काही महिन्यांनी, मे मध्ये, धर्मशिक्षकांसाठीही तसं पद आलं. आता ह्यात एक मेख आहे. हे पद मिळायला बिशपांकडून रीतसर विधी व्हावा लागतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक वाचकांचा तो कधी झालेला नाही, पुरुषांचाही नाही, ते सगळे कायद्याच्या भाषेत 'तात्पुरते' आहेत. त्या शनिवारी रात्री "मी करते" लिहिणाऱ्या बाई तीस वर्षं तात्पुरत्या आहेत.