मीटरच्या मागचं ते २४ पिनांचं सॉकेट

लॅबमधला जरा जुना बेंच मल्टिमीटर फिरवून मागची बाजू बघा, पॉवर कॉर्डच्या आसपास २४ पिनांचं एक रुंद सॉकेट दिसेल. नवीन पोरं हमखास विचारतात, सर हे प्रिंटरचं पोर्ट आहे का? दिसतं खरं तसं, कनेक्टर त्याच घराण्यातला आहे. पण ते जीपीआयबी, म्हणजे जनरल पर्पज इंटरफेस बस, मोजमापाची उपकरणं कॉम्प्युटरला आणि एकमेकांना जोडायची सामायिक वायरिंग, आणि आज आपण घरी बसून लॅपटॉपवरून लॅबमधल्या पॉवर सप्लायचं व्होल्टेज बदलतो ना, त्याची मुळं त्यात आहेत.

६० च्या दशकात मीटरचं रीडिंग मशीनने घ्यायचं म्हणजे नुसता वैताग. काही मीटरना मागे बीसीडी (बायनरी कोडेड डेसिमल) आउटपुट असायचं, म्हणजे एकेका आकड्याला चार वायरी, आणि इन्स्ट्रुमेंट बदललं की केबलपण बदला. एचपी (ह्युलेट-पॅकार्ड) कंपनी स्वतःच ढीगभर प्रकारची इन्स्ट्रुमेंट्स विकायची, त्यामुळे दशक संपता संपता त्यांनी सगळ्यांसाठी एकच बस बनवायला घेतली, नाव एचपी-आयबी, म्हणजे एचपी इंटरफेस बस. पुढे बाकीच्यांनीही ती उचलली, पण दुसऱ्याच्या कंपनीचं नाव आपल्या डब्यावर कोण छापणार, म्हणून झालं जीपीआयबी, आणि १९७५ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं आयईईई ४८८ हे स्टँडर्ड आलं.

यात मला सगळ्यात भारी वाटतो तो हँडशेक, म्हणजे 'पाठवलं, घेतलं' अशी डिव्हाइसांची आपापसातली खूण. एकूण १६ सिग्नल लाइन, ८ डेटाच्या, ५ कंट्रोलच्या आणि ३ फक्त हँडशेकसाठी. एका वेळी बोलणारा एकच, ऐकणारे कितीही, आणि सगळ्यात मंद ऐकणाऱ्याने 'घेतलं' म्हटल्याशिवाय पुढची बाइट येतच नाही, कारण 'घेतलं' सांगणारी लाइन कुणी एकाने जरी खाली ओढून धरली तरी सगळे थांबतात. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही, तसंच. म्हणूनच फास्ट मीटर आणि रखडत चालणारा प्लॉटर एकाच बसवर सुखाने नांदायचे. एका बसवर जास्तीत जास्त १५ डिव्हाइस, एकूण २० मीटर लांबीची केबल, मूळ स्टँडर्डमध्ये स्पीड सेकंदाला जास्तीत जास्त १ मेगाबाइट. कनेक्टर एकावर एक चढवता येतात, पण चार चढवले की नुसत्या वजनाने सगळं खाली लोंबायला लागतं.

प्रत्येक डिव्हाइसला ० ते ३० मधला अ‍ॅड्रेस, जुन्यांत मागच्या छोट्या स्विचेसवर सेट करायचा. मी एकदा दोन मीटर २२ वरच ठेवले होते आणि अर्धा दिवस केबल बदलत बसलो, असो.

१९७६ मध्ये ऑस्टिनला नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स सुरू झाली, तिचं पहिलं प्रॉडक्ट म्हणजे पीडीपी-११ या कॉम्प्युटरला जीपीआयबी जोडणारं कार्ड. इन्स्ट्रुमेंट्स चालवायचं तिचं सॉफ्टवेअर लॅबव्ह्यू १९८६ चं, तेही आधी मॅकवर.

पण केबल एक झाली तरी भाषा कुठे एक होती? एचपीच्या ३४७८ए मीटरला डीसी व्होल्टसाठी 'एफ१' पाठवायचं, दुसऱ्या कंपनीच्या मीटरला अजून काहीतरी, मीटर बदलला की प्रोग्रॅम नव्याने लिहा. त्याच स्टँडर्डच्या १९८७ च्या ४८८.२ या भागाने काही कमांड्स सगळ्यांना सारख्या केल्या, त्यातली 'स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह' (*IDN?, म्हणजे 'तू कोण') आपण रोज टाइप करतो, उत्तरात कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि फर्मवेअर, मध्ये स्वल्पविराम. १९९० मध्ये एससीपीआय ही इन्स्ट्रुमेंट्सची सामायिक कमांड-भाषा आली, लोक 'स्किपी' म्हणतात, आणि कमांड वाचून समजायला लागली, मेझर, व्होल्टेज, डीसी असं सरळ.

नंतर यूएसबी आलं, २००५ मध्ये लॅनवर (नेटवर्क केबलवर) चालणाऱ्या इन्स्ट्रुमेंट्ससाठी एलएक्सआय हे स्टँडर्ड आलं, पण त्या वायरींमधून जाते ती तीच स्किपी. आमच्याकडे जुना मीटर जीपीआयबीवर आणि नवा ऑसिलोस्कोप लॅनवर आहे, पायव्हिसा या पायथन लायब्ररीच्या स्क्रिप्टमध्ये दोन्हींना 'तू कोण' विचारायची ओळ सेम, फरक फक्त अ‍ॅड्रेसचा. यूएसबी ते जीपीआयबी अडॅप्टरची किंमत मात्र ऐकू नका, तेवढ्यात सेकंडहँड मीटर येईल अजून एक.